कुडुक रामरावांचा मुलगा

अपर्णाचा फोन आला तेव्हा मी गांधी बझारात अवरेकाईच्या शेंगा निवडत उभी होते. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. "आत्या, अप्पा गेले," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट. मी पिशवी भाजीवालीच्या टोपलीपाशीच ठेवली आणि शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसले. रघुअण्णा आता फार दिवसांचा सोबती नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही... पण अपर्णाचं बोलणं संपलं नव्हतं. "आत्या, इथं डॉक्टर मृत्यूचं कारण लिहितायत. आई म्हणते नुसतं न्यूमोनिया लिहा, तेवढं पुरे. तू काय म्हणतेस?"

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"आधी त्या आजाराचं नाव. मग न्यूमोनिया."

"मग तसंच सांग त्यांना."

मी इस्पितळात पोचले तोवर कागद तयार झाला होता. अपर्णाची आई, मालतीवहिनी, बाहेरच्या बाकावर पदर घट्ट धरून बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आमच्या घराण्यात चार पिढ्यांत पहिल्यांदाच एका माणसाच्या मरणाचं खरं कारण कागदावर आलं होतं. ते यावं म्हणून रघुअण्णाने निवृत्तीनंतरची सगळी वर्षं घातली. त्याला जाऊन आता सात आठवडे झाले. "लिही, आणि घरातल्यांच्या नावांसकट लिही," असं अपर्णाने सांगितलं, म्हणून हे लिहिते आहे.

रघुअण्णा माझा सख्खा चुलत भाऊ, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर दक्षिणेत आलेली आणि मग इथलीच होऊन गेलेली जी घराणी आहेत, त्यांतलं आमचं एक. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि भांडताना दोन्ही. बसवनगुडीत आमची दोन घरं समोरासमोर होती. एकात माझे वडील, दुसऱ्यात त्यांचे मोठे भाऊ रामराव, म्हणजे अण्णाचे वडील. रामरावांना सगळी गल्ली 'कुडुक रामराव' म्हणायची. कुडुक म्हणजे कन्नडमध्ये दारुडा. कचेरीतून येताना ते रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत झोकांड्या खात यायचे, बोलताना जीभ अडखळायची, हात मध्येच कुठेतरी उडायचा. चाळिशी गाठायच्या आत नोकरी गेली. बेचाळिसाव्या वर्षी जिन्यावरून पडून ते वारले, आणि पिऊन पडले असंच सगळे म्हणाले. मला आठवतं ते इतकंच की मी सहा वर्षांची असताना अण्णा मला शाळेतून घरी आणत होता आणि पुढे चार-पाच मुलं रामरावांच्या चालीची नक्कल करत चालली होती. अण्णा चौदा वर्षांचा. माझा हात त्याने इतका आवळला की घरी आल्यावर आईने विचारलं, हे वळ कसले?

त्या मुलाने पुढे आयुष्यभर सोड्याची बाटलीसुद्धा तोंडाला लावली नाही. लांबून बघणाऱ्याला काय दिसेल कोण जाणे, म्हणायचा. रस्त्याने चालायचा तो कडेच्या दगडी पट्टीवरून, पावलापुढे पाऊल ठेवत, ताठ. सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागला. पुलांचे, पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढायचा. त्याच्या हाताची रेघ खात्यात प्रसिद्ध होती. साहेब लोक नव्या पोरांना त्याचे कागद दाखवत. मालतीवहिनी म्हैसूरकडच्या, कामसू, स्पष्ट बोलणाऱ्या. एकच मुलगी, अपर्णा. ती इंजिनिअर झाली, महादेवपुऱ्यात कामाला लागली, बरोबर काम करणाऱ्या पुण्याच्या निखिलशी लग्न केलं. सगळं सरळ चाललं होतं असं म्हणायला हरकत नव्हती.

अण्णा निवृत्त झाला त्या वर्षी घरात एक मुंज होती. तिथं कॉलेजात जाणारी दोन मुलं अर्धा दिवस शेजारी बसून बोलली आणि निघताना त्यांना कळलं की त्यांचे पणजोबा सख्खे भाऊ. सगळे हसले. अण्णा हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो ट्रेसिंग पेपरची गुंडाळी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "सुनी, तू इतिहास शिकवलास ना शाळेत? चल माझ्याबरोबर. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घेऊ." पुढची दोन वर्षं आम्ही दोघं बसने, रिक्षाने, मेट्रोने गावभर फिरलो. तुमकूर, कोलार, होसूरलाही जाऊन आलो. मोबाइल समोर ठेवून तो रेकॉर्ड करायचा. 'तुमची कहाणी सांगा' असं त्याने कधी कोणाला म्हटलं नाही. पहिला प्रश्न ठरलेला, "लहानपणी तुम्ही घरात कुठं झोपायचा, आणि बाजूला कोण असायचं?" आणि माणसं बोलू लागायची. कोणाच्या शेजारी विधवा मावशी झोपायची, कोणाच्या शेजारी नंतर मेलेला भाऊ. ऐंशी वर्षांच्या बायका त्या भावाच्या पायांचा गारवा आठवून रडायच्या. मला हा एक छंद वाटत होता, निवृत्त माणसाचा चांगला छंद. खोटं कशाला सांगू.

त्याला मात्र त्या रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी सापडत होतं. आमचे आजोबा वेंकटराव उतारवयात भ्रमिष्ट होऊन विहिरीत पडले, अशी घरातली गोष्ट. कोलारच्या एका म्हाताऱ्या नातलगाने सांगितलं, की भ्रमिष्ट कसले, त्यांना धोतर नेसताना तोल सावरायचा नाही, बोटं सारखी हलायची, कोणी अदृश्य जपमाळ ओढतंय तशी. आमची एकुलती आत्या, तुंगाआत्या, तिच्या अंगात देवी यायची. तिची शेजारीण होसूरला भेटली. ती म्हणाली, "देवी मंगळवार-शुक्रवार येते बाबा. हिला रोज यायची. जेवताना, भांडी घासताना." आणि रामरावांबद्दल त्यांची बायको, म्हणजे अण्णाची आई, सांगत होती, "बसल्या जागी पाय नाचायचे त्यांचे. झोपेत मात्र शांत." अण्णाने ही तीन रेकॉर्डिंग पाठोपाठ लावून ऐकली. ते त्याने मला नंतर सांगितलं. तो टेबलाशी बसून तिसऱ्यांदा ऐकत होता, वहिनी समोर डाळ निवडत होत्या. वहिनी सहज म्हणाल्या, "अहो, पाय हलवू नका हो, टेबल हलतंय."

त्याने टेबलाखाली वाकून पाहिलं. पाय हलत होता. त्याने तो थांबवला. थोड्या वेळाने पुन्हा हलायला लागला.

"सुनी, मी माझ्याच पायाकडे बघत बसलो. दुसऱ्याचा पाय असावा तसा," तो म्हणाला.

डॉक्टरांकडे मीच त्याच्याबरोबर गेले, वहिनींना त्याने सांगितलं नव्हतं. मेंदूच्या आजारांच्या मोठ्या इस्पितळात तीन तास थांबल्यावर नंबर लागला. डॉक्टर तरुण होत्या. तपासून झाल्यावर त्यांनी कन्नडमध्ये नेहमीचा प्रश्न विचारला, घरात आणखी कोणाला असं काही होतं का? बहुतेक लोक नाही म्हणत असणार. अण्णाने गुंडाळी काढून त्यांच्या टेबलावर पसरली. चार पिढ्या, त्याच्या त्या सुंदर अक्षरात, आणि काही नावांपुढे शाईचा छोटा काळा ठिपका. डॉक्टर उठून उभ्या राहिल्या. किती तरी वेळ त्या बोटाने एकेका ठिपक्यावरून वर जात होत्या. मग हळूच म्हणाल्या, "सर, हे तुम्ही स्वतः केलंत?"

रक्ताच्या तपासणीने नंतर शिक्कामोर्तब केलं, पण त्या टेबलापाशीच आम्हाला समजलं होतं. मेंदू हळूहळू झिजवणारा आजार. शरीर आपलं आपण नाचू लागतं, तोल जातो, जीभ जाते, गिळणं जातं, कधी स्वभाव आणि बुद्धीही जाते. औषधाने थोडा आराम, उपाय नाही. आई-बापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी, नाणं उडवावं तशी. आणि ज्याला नाही, त्याच्या मुलांना तो होत नाही. माझे वडील अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत लालबागेत फिरायला जात होते. म्हणजे ते सुटले होते, आणि म्हणून मीही. अण्णाने बाहेर बाकावर बसून माझ्या वडिलांच्या नावापुढे आणि माझ्या नावापुढे पेन्सिलने एकेक पोकळ गोल काढला. "तू सुटलीस," म्हणाला. मला हायसं वाटलं. त्याच्या शेजारी बसून, त्या क्षणी, मला आधी हायसं वाटलं आणि मग त्याचं दुःख झालं. हा क्रम मी अजून स्वतःला माफ केलेला नाही. गोल काढून झाल्यावर त्याने अपर्णाच्या नावापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं.

सगळ्यात आधी त्याला आईला सांगायचं होतं. रामरावांच्या पत्नीला आम्ही बाकीची मुलं कानडी पद्धतीने दोड्डम्मा, म्हणजे मोठी आई, म्हणत असू. तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या, कानांनी आणि बुद्धीने खणखणीत. त्यांना कशाला सांगतोस, जगू दे शांतपणे, असं मी म्हटलं. अण्णा म्हणाला, "शांत? पंचेचाळीसहून जास्त वर्षं ती दारुड्याची बायको म्हणून जगलीय." आम्ही दुपारी त्यांच्या खोलीत गेलो. अण्णाने मोबाइल चालू केला होता. सवयीने केला असावा. त्याने साध्या शब्दांत सांगितलं, "आई, नाना पीत नव्हते. त्यांना आजार होता. मलाही तोच आहे."

दोड्डम्मांना वाईट वाटेल, त्या रडतील, मुलाला जवळ घेतील, असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मी रोज त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची रे. कचेरीतून आले की. खिसे बघायची. कधी काही सापडलं नाही." मग म्हणाल्या, "नोकरी गेली त्या दिवशी दुपारीच घरी आले. शपथ घेत होते, देवाची, तुझी. मी आतून कडी घातली. दिवेलागणीपर्यंत बसले पायरीवर. सगळी गल्ली बघत होती." आणि मग अण्णाकडे वळून, लहान मूल विचारतं तसं विचारलं, "मग मी दार का नाही उघडलं?"

अण्णा त्यांचे पाय धरून बसला. त्या दिवसानंतर दोड्डम्मा फारशा बोलल्या नाहीत. संध्याकाळ झाली की काठी टेकत जाऊन बाहेरचं दार सताड उघडायच्या आणि समोर खुर्ची टाकून बसायच्या. डास येतात म्हणून वहिनी दार लोटायला गेल्या तर अंगावर ओरडायच्या. चार महिन्यांनी त्या गेल्या. आपण सांगायला नको होतं का, हा प्रश्न अण्णाने मला पुढे कितीदा तरी विचारला. मी दर वेळी 'नाही रे, बरं केलंस' म्हणायची. मला स्वतःला ते कधी पटायचं, कधी नाही.

वहिनींना कळलं तेव्हा त्यांनी रडारड केली नाही. त्या भडकल्या. "शोधायला कोणी सांगितलं होतं? ते भेंडोळं जाळून टाका," म्हणाल्या. आजाराचा राग त्यांनी त्या कागदावर काढला, आणि थोडा माझ्यावरही. त्यांची एकच अट होती. अपर्णाला सांगायचं नाही. लग्नाला जेमतेम वर्ष झालंय तिच्या. अण्णाने एक महिना ऐकलं. मग एका रविवारी अपर्णा आणि निखिल जेवायला आले असताना त्याने ताटावरच सांगून टाकलं. वहिनी पानावरून उठून गेल्या. अपर्णाने हातातला घास खाली ठेवला आणि विचारलं, "अप्पा, म्हणजे मलाही?" तिच्या लहानपणच्या कानडी लाडाच्या हाकेने तो म्हणाला, "माहीत नाही, पुट्टी. तपासता येतं. तुला हवं असेल तर. पण मूल होण्याआधी तुला माहीत असायला हवं." ती म्हणाली, "आत्ता मला काही माहीत करून घ्यायचं नाही." आणि पुढची सात वर्षं तिने तपासणी केली नाही. मूलही होऊ दिलं नाही.

राहिली तुंगाआत्याची शाखा. तिचा मुलगा सदाशिव सर्जापूर रोडवर मोठ्या सोसायटीत राहतो. त्याचं नाव मात्र बदलून लिहिते आहे, नातं खरं आहे. साठीचा, हिंडता-फिरता, पण अण्णा म्हणायचा, आजार कोणाला तिशीत गाठतो, कोणाला साठीनंतर, आत्ता बरा आहे म्हणून सुटला असं नाही. अण्णाच्या निदानानंतर चार वर्षांनी त्याच्या मुलाचं लग्न ठरलं. मी अण्णाला म्हटलं, लग्न होऊ दे, मग सांग. तो म्हणाला, "लग्न झाल्यावर सांगून त्या मुलीला काय उपयोग?" त्याचं बरोबर होतं, आणि तरीही मला त्याचा राग आला. आम्ही गेलो. तोवर त्याचं चालणं बिघडलं होतं. लिफ्टपाशी सुरक्षारक्षकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "अम्मा, यांनी घेतली आहे का?" अण्णाने ते ऐकलं.

सदाशिवने सगळं उभ्या उभ्या ऐकलं. शेवटी म्हणाला, "रघुअण्णा, स्वल्प तरी कळतं का तुला? तीन आठवड्यांवर लग्न आलंय. माझी आई देवीची भक्त होती. तिच्या अंगात यायचं, साऱ्या गावाला माहीत आहे. तुझा बाप पिऊन मेला, ते झाकायला तू आता माझ्या आईला रोगी ठरवणार?" अण्णाने डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत टीपॉयवर ठेवली. "सरी, ठीक आहे, सदा. हे तुझ्या मुलाला दे. बाकी काही मागत नाही." सदाशिवने ती फाडली नाही, पण आम्ही बाहेर पडताच दार लागलं. ते लग्न झालं. आम्हाला बोलावणं नव्हतं. नंतर सगळ्या नात्यात पसरलं, की रघू म्हातारपणी बापाच्या वळणावर गेलाय आणि दुसऱ्यांच्या मुलांची लग्नं मोडत फिरतो.

त्यानंतर मी जाणं कमी केलं. कारणं होती, गुडघा, नातवंडं, पाऊस. खरं कारण असं की मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. सहा-सात महिने मी गेलेच नाही. त्याने एकदाही फोनवर विचारलं नाही, की का येत नाहीस. गेले तेव्हा तो निम्मा झाला होता. हात, मान, खांदे, सगळं सतत हलत होतं. वाक्य सुरू झालं की मध्येच कुठेतरी सांडायचं. वहिनी त्याला खिमट भरवत होत्या, प्रत्येक घासाला "गिळलं? गिळलं का?" विचारत. ज्या बाईला कागद जाळायचे होते, ती आता दर तासाला त्याची चादर बदलत होती आणि कोणी शेजारी डोकावला तर दारात उभी राहून ठणकावत होती, "त्यांना आजार आहे. मेंदूचा. त्यांच्या वडिलांनाही होता." मी दारातच थबकले. अण्णाने मला पाहिलं आणि मोठ्या कष्टाने म्हणाला, "सुनी... रेघ... राहिलीय."

कागद पुरा करायचा राहिला होता. मग मी रोज दुपारी जाऊ लागले. तो सांगायचा, मी लिहायची. एका नावाला अर्धा तास लागे. पेन माझ्या हातात, आणि माझी रेघ वाकडी गेली की तो चिडायचा. तेवढा जुना ड्राफ्ट्समन त्याच्यात शिल्लक होता. रामरावांच्या नावाखाली त्याने माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली, "आयुष्यात कधी दारू प्यायले नाहीत." ती लिहून झाल्यावर त्याने ती मला तीनदा वाचायला लावली.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी अपर्णा एका सकाळी अचानक आली. कामाचा दिवस होता. सरळ त्याच्या पलंगापाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "अप्पा, मी तपासणी केली. मला नाहीये." पहिल्यांदा त्याला कळलंच नाही. तिने पुन्हा सांगितलं, कानाशी वाकून, "मी सुटले, अप्पा." आणि मग त्या सगळ्या हलणाऱ्या शरीरातून एक आवाज निघाला. तो आवाज रडण्याचा की हसण्याचा ते सांगता येणार नाही. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्याने डोळ्यांनी मला टेबलाकडे खुणावलं. मी गुंडाळी उघडली, अपर्णाच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसलं आणि तिथं पोकळ गोल काढला. त्याला नेऊन दाखवला. त्या दिवशी त्याने वाटीभर पायसम खाल्लं, एकदाही न ठसकता. पुढचे तीन महिने तो निवांत होता. औषध तेच होतं, शरीर रोज खाली जात होतं, पण तो निवांत होता. मग घास छातीत उतरला, ताप आला, आणि ती इस्पितळातली सकाळ.

सदाशिव अंत्यदर्शनाला आला नाही. त्याचा मुलगा आला. बनशंकरीच्या स्मशानात सगळ्यांच्या मागे एकटा उभा होता. निघताना माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "तुम्ही सुनंदाआत्या ना? बाबांच्या कपाटात मला एक चिठ्ठी सापडली. तीन वर्षांपूर्वीची. आम्हाला एक मुलगी आहे, दीड वर्षाची." मी त्याला डॉक्टरांचं नाव सांगितलं. तो मान हलवून गेला. आम्ही टीपॉयवर ठेवून आलेली ती चिठ्ठी वेळेवर त्याच्या हातात पडली असती तर... पण हे आता किती वेळा म्हणायचं.

तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी अपर्णाने मला घरी बोलावलं. अण्णाच्या खोलीत पलंग काढून टाकला होता, टेबल तिथंच होतं. तिने गुंडाळी उघडून चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली. मग आपल्या नावावर बोट ठेवलं.

"आत्या, हे खरं नाही."

मला समजायला वेळ लागला.

"मला आहे," ती म्हणाली. "रिपोर्ट आला त्या दिवशी मी तो घेऊन दोन तास गाडीत बसून होते. अप्पांना खरंच सांगायचं ठरवलं होतं. म्हणजे त्यांनी सगळ्यांना खरं सांगितलं, आजीला सांगितलं, मला सांगितलं... मग मीच का... पण इथं आले आणि त्यांच्याकडे बघून माझ्या तोंडून दुसरंच निघालं." ती रडत नव्हती. निखिलला माहीत होतं. वहिनींना तिने आदल्या दिवशी सांगितलं होतं. "ते सुखाने गेले ना, आत्या?"

"सुखाने गेला," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

"मग झालं. पण अप्पांच्या कागदावर खोटं नको. तू काढलास ना गोल, तूच भर."

मला ते होईना. मी पेन खाली ठेवलं. ती तशीच उभी राहिली, वाट बघत. छत्तीस वर्षांची मुलगी, दोन्ही हात टेबलावर सपाट टेकवून. ते हात स्थिर होते. मी ते बघत होते हे तिला कळलं, तिने ते काढून घेतले नाहीत. शेवटी मी पेन उचललं आणि गोल भरला. बाहेर रेघ जाऊ दिली नाही. शाई वाळेपर्यंत तिने कोपऱ्यांवरची पुस्तकं उचलली नाहीत.

मग मला काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मी खोली आवरायला घेतली. हात-पाय आपटून अण्णाला लागू नये म्हणून वहिनींनी टेबलाच्या चारही कोपऱ्यांना, खिडकीच्या चौकटीला, दाराच्या कडीलासुद्धा जुन्या साड्यांच्या घड्या करून सुतळीने घट्ट बांधल्या होत्या. रंग उडालेल्या, कुठेकुठे खिमटाचे डाग पडलेल्या. मी खाली बसून टेबलाच्या एका पायापाशी गाठ सोडायला लागले. गाठ सुटेना, मी कात्री मागितली.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे. त्या आत आल्या, माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि मी अर्धवट सैल केलेली ती गाठ त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पुन्हा आवळली.

"राहू देत, सुनंदा," त्या म्हणाल्या. "अपर्णाला लागतील."